नाताळचं कागदकाम: पहिल्या घडीपासून आल्बमपर्यंत

नाताळसाठी हातानं काही करायचं ठरलं की पहिली धाव दुकानाकडे जाते. चमकी, चिकटवायचे मोती, नक्षीचे पंच, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या असं सगळं घरी येतं आणि जानेवारीत पिशवीसकट माळ्यावर जातं. माझं सांगणं याच्या उलट आहे. या कामात हात बसावा लागतो तो घडीवर. घडी धारदार आली की साध्या पांढऱ्या कागदाचं कार्डही देखणं दिसतं. घडी फुगीर राहिली तर वर कितीही चमकी ओता, काम कच्चं ते कच्चंच.

म्हणून इथे क्रम सोप्याकडून अवघडाकडे लावला आहे: साधं कार्ड, उघडल्यावर उभा राहणारा गोठा, विणलेलं हृदय, कामट्यांचा तारा आणि शेवटी डिसेंबरचा आल्बम. पहिली तीन कामं एका रविवारी होतात. ताऱ्याला दोन संध्याकाळी लागतील. आल्बम मात्र महिनाभर चालतो आणि तो तसाच चालायला हवा.

काय आणायचं

कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम यावर, मोजतात. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्याचं कार्ड उभं राहत नाही. कार्डासाठी २०० ते २५० जीएसएम मागा. ३०० च्या पुढे गेलात की घडीवर कागद तडकतो आणि आतला पांढरा पदर दिसू लागतो. रंगीत कामाला टिंटेड पेपर, चकचकीत हवा असेल तर घोटीव कागद, ताऱ्याला पतंगाचा कागद किंवा जिलेटीन. पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट इथे हे सगळं मिळतं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. हातकागद दिसतो सुंदर, पण त्याला धारदार घडी येत नाही, कडा भुरभुरीत राहते. तो आल्बमच्या मुखपृष्ठासाठी ठेवा.

हत्यारं म्हणाल तर ३० सेंमीची स्टीलची पट्टी, कटर, एक बरी कात्री आणि शाई संपलेली बॉलपेनची रिफिल. ही रिफिल फेकू नका, सगळ्यात जास्त कामाला तीच येणार आहे. कापताना खाली जाड पुठ्ठा ठेवा. प्लास्टिकच्या पट्टीला लावून कटर चालवू नका. पातं पट्टीत घुसतं आणि मग बोटावर येतं. मुलं सोबत असतील तर कटर तुमच्या हातात आणि कात्री त्यांच्या.

चिकटवायला ग्लू स्टिक आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. पांढरा डिंक पाण्यावर बनलेला असतो. तो पातळ कागदाला लावला की कागद ओला होऊन फुगतो आणि वाळला की सुरकुततो. लाकूड, पुठ्ठा, कापड यांच्यासाठी तो चांगला आहे, कार्डासाठी नाही.

घडी

कागदाला लाकडासारखी शीर असते. कारखान्यात तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला लागतात. शिरेच्या दिशेनं घातलेली घडी सरळ येते, आडवी घातलेली फाटल्यासारखी दिसते. ओळखायचं कसं? कागद हलकेच वाकवून पाहा, आधी लांबीकडून, मग रुंदीकडून. ज्या बाजूनं तो कमी विरोध करतो, घडी त्या बाजूनं घाला.

१. घडी जिथे हवी तिथे दोन्ही कडांवर पेन्सिलीनं बारीक खूण करा.
२. खुणांवर पट्टी ठेवा आणि संपलेल्या रिफिलनं रेघ ओढा. कागद कापला जायला नको, फक्त खोबण पडली पाहिजे. एकदा जोरात ओढण्यापेक्षा हलक्या हातानं दोनदा ओढा.
३. कागद उचलून घडी घाला. खोबणीचा उंचवटा आतल्या बाजूला यायला हवा, म्हणजे ज्या बाजूनं रेघ ओढली तिच्या विरुद्ध बाजूला कागद वळतो. सुरुवातीला हे उलटं वाटतं. एक तुकडा दोन्हीकडे वाकवून बघितलात की तडकण्यातला फरक दिसेल.
४. घडीवर एक साधा कागद ठेवून वरून चमच्याची पाठ फिरवा. थेट घासलं तर रंगीत कागदावर चकाकणारा पट्टा उमटतो.

रद्दी कागदावर ही घडी जमेपर्यंत पुढे जाऊ नका. एवढी एकच सक्ती.

साधं कार्ड आणि त्याचं पाकीट

१८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेऊन छापलं. बाजारात आलेलं पहिलं नाताळ कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. कारण अगदी आजच्या माणसाचं होतं: सणाच्या पत्रांना एकेक उत्तर लिहायला त्यांना सवड नव्हती. आता सवड काढून हातानं कार्ड करायचं म्हणजे त्यांचं गणित उलटं फिरवणंच.

ए४ कागद मधोमध कापला की २१ × १४.८ सेंमीचे दोन तुकडे मिळतात. एक तुकडा घ्या, २१ सेंमीच्या बाजूवर १०.५ ला खुणा करा आणि घडी घाला. झालं कार्ड. पुढच्या पानावर एकच आकृती ठेवा. माझी आवड सांगते: गडद हिरव्या कागदाच्या ७, ५.५, ४, २.५ आणि १ सेंमी लांबीच्या पाच पट्ट्या, प्रत्येकी ८ मिमी रुंद, खालून वर लहान होत जाणाऱ्या. झाड असं काढावंच लागत नाही, डोळा ते आपोआप पाहतो. पट्ट्या मापून, मध्यरेषा धरून लावा, आणि मग हात आवरा. चमकी नको.

पाकिटासाठी दुसऱ्या, पातळ ए४ कागदातून २१ सेंमीचा चौरस काढा. कार्ड त्यावर तिरपं ठेवा, म्हणजे चौरसाचे चार कोपरे कार्डाच्या चार बाजूंना येतील. कार्डाच्या कडेपासून एक-दोन मिमी सोडून आधी डावा-उजवा कोपरा आत घ्या, मग खालचा कोपरा वर आणून चिकटवा. वरचा कोपरा झाकण. खालच्या आणि वरच्या कोपऱ्यांची टोकं जास्त वाटली तर कापून टाका.

उघडताच उभा राहणारा गोठा

वसईत, गोव्यात, मुंबईच्या गावठाणांत नाताळात घरोघरी येशूजन्माचा गोठा मांडतात. कुठे त्यालाच गव्हाणी म्हणतात. तोच कार्डात उभा करायचा. वरवर जादू वाटते, पण आत दोन काप आणि चार घड्या, इतकंच.

१. पुन्हा २१ × १४.८ सेंमीचा तुकडा, साधारण २०० जीएसएमचा. घडी घालून कार्ड आडवं धरा, घडीची बाजू तुमच्याकडे.
२. घडीच्या कडेवर दोन्ही टोकांपासून ४.९ सेंमी आत खूण करा. मध्ये ५ सेंमी उरतील. दोन्ही खुणांपासून आत ४ सेंमी लांबीचे सरळ काप घ्या, दोन्ही पदरांतून एकदम.
३. कापांची आतली टोकं जोडणाऱ्या रेषेवर रिफिल ओढा आणि ती पट्टी एकदा पुढे, एकदा मागे दुमडा.
४. कार्ड काटकोनात उघडा आणि पट्टी आतल्या बाजूला ढकला. पायरीसारखी एक पेटी पुढे येईल. कार्ड हळूच मिटा, घड्या दाबा.
५. वेगळ्या तपकिरी कागदातून उतरत्या छपराचा गोठा कापा. रुंदी ७ सेंमी चालेल, उंची ६ सेंमीपेक्षा जास्त नको. तो पेटीच्या पुढच्या तोंडावर, तळ कार्डाला टेकवून चिकटवा.

उंचीची ही मर्यादा पाळा. मिटताना पेटीचं पुढचं तोंड बाहेरच्या दिशेला सरकतं. तळ घडीपासून ४ सेंमीवर, त्यात ६ सेंमीचा गोठा मिळवला तर १० होतात, आणि कार्डाचं पान १०.५ चं आहे. गोठा याहून उंच केलात तर छपराचं टोक मिटलेल्या कार्डाबाहेर डोकावेल.

मागच्या पानावर निळं आकाश आणि तारा, खालच्या पानावर एखादं मेंढरू. शेवटी तेवढ्याच मापाचं दुसरं कार्ड बाहेरून चढवा, म्हणजे पेटीमागचं भोक झाकलं जाईल. टेप फक्त कडांना लावा. पेटीच्या पाठीला टेप लागली तर गोठा कायमचा आडवा. हे कार्ड टपालानं पाठवायचं असेल तर वर काही जाड चिकटवू नका. शिक्का मारताना दबतं. शेजारी हातात नेऊन देणं सगळ्यात बरं.

विणलेलं हृदय

हा डेन्मार्कचा प्रकार. तिथे नाताळच्या झाडावर लाल-पांढऱ्या कागदाची विणलेली हृदयं टांगतात. परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन कागद कापण्यात तरबेज होते आणि टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं असं हृदय १८६० च्या सुमारास त्यांनीच केलं, असं मानतात.

लाल आणि पांढऱ्या टिंटेड कागदाचे ६ × २० सेंमीचे दोन तुकडे घ्या. प्रत्येक मधोमध दुमडून १० सेंमीचा करा. उघडी बाजू कात्रीनं अर्धगोल करा. घडीच्या बाजूनं २-२ सेंमीच्या अंतरावर ६.३ सेंमी लांबीचे दोन काप घ्या, म्हणजे तीन दुपदरी पट्ट्या तयार होतील. काप रुंदीपेक्षा किंचित लांब हवा. तीन मिमी जास्त ठेवले नाहीत तर शेवटची पट्टी ओढताना फाटते.

आता लाल तुकडा एका हातात आणि पांढरा दुसऱ्या हातात, पट्ट्या एकमेकींना काटकोनात. नेहमीच्या चटईच्या विणीत पट्टी वरून-खालून जाते. इथे ती आतून-बाहेरून जाते. लाल पट्टी पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या दोन पदरांमधून न्या. मग दुसरी पांढरी पट्टी लालच्या पदरांमधून न्या. तिसऱ्या पांढरीच्या आतून पुन्हा लाल. दुसऱ्या लाल पट्टीला याच्या नेमकं उलट, तिसरीला पहिलीसारखं. शेवटची पट्टी हट्टीपणा करते. आधीच्या दोन जरा वर सरकवा, जागा होते.

बरोबर विणलं असेल तर हृदय पिशवीसारखं उघडतं. उघडलं नाही तर कुठेतरी वरून-खालून झालं आहे. वर कागदी बंद लावा आणि आत मूठभर कुलकुल घाला. तळलेला पदार्थ असल्यानं आधी बटर पेपर ठेवा.

कामट्यांचा तारा

ज्यांनी आकाशकंदील बांधला आहे त्यांना इथे नवं फारसं नाही, फक्त आकार वेगळा. बांबूच्या सांगाड्यावर कागद चढवायची हीच रीत फिलिपिन्समधल्या नाताळच्या ताऱ्यांचीही आहे. तिकडे त्याला पारोल म्हणतात.

साहित्य: ६० सेंमी लांबीच्या दहा सारख्या कामट्या, १० सेंमीचे पाच तुकडे, जाड दोरा, कागद, खळ. खळ घरीच करा. दोन चमचे मैदा थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, कपभर पाणी घाला आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर वापरा.

१. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करा. मध्ये १४ सेंमी उरतात. याच खुणांवर कामट्या एकमेकींना छेदतात. ही खूण न करता तारा बांधायला घेतला की एक हात लांब, एक आखूड असा होतो.
२. पाच कामट्यांचा तारा जमिनीवर मांडा, एक वरून एक खालून अशा गुंफत. खुणा जुळल्या की टोकं बांधा, मग आतले पाच छेद. असाच दुसरा तारा.
३. दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा.
४. आता आतल्या छेदांच्या जागी, दोन ताऱ्यांच्या मध्ये, १० सेंमीचे तुकडे उभे करून बांधा. तारा पोटात फुगतो आणि एकदम घट्ट होतो. कामटी कडकड वाजली तर ती जाड आहे. तासून पातळ करा.
५. कागद कापा. पाच हातांचे पुढचे-मागचे मिळून दहा रुंद त्रिकोण, बाजूचे दहा अरुंद त्रिकोण, आणि मधले दोन पंचकोन. मापं कागदावर काढत बसू नका. सांगाडा कागदावर टेकवून आकार उतरवा आणि सगळीकडून दीड सेंमी जास्त ठेवा.
६. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. कागद बसवून उरलेली कड कामटीभोवती गुंडाळा. आधी बाजूचे त्रिकोण, मग मागचे, शेवटी पुढचे.
७. मागच्या पंचकोनाची एक बाजू न चिकटवता झाकणासारखी सोडा. दिवा तिथून जातो.

दिवा एलईडीच, ३ ते ५ वॅटचा. होल्डर सांगाड्याला बांधा, कागदाला टेकू देऊ नका. मेणबत्ती नको, जुना तारेचा बल्बही नको. खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या लावा. किनारपट्टीला डिसेंबरच्या पहाटे दव पडतं आणि पतंगाचा कागद ढिला होतो. तारा उघड्या अंगणात लावायचा असेल तर जिलेटीन, आणि ते खळीनं धरत नाही, टेप लागते. पडवीत असेल तर मात्र पतंगाच्या कागदाचा मऊ उजेड सोडू नका.

हे जमलं आणि हौस वाढली तर जर्मनीतल्या हेर्नहुटचा पंचवीस टोकांचा तारा पाहा. तो मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या तासातून निघाला. त्याला कामट्या लागत नाहीत, पण सबुरी बरीच लागते.

फराळाच्या डब्यांच्या चिठ्ठ्या

वरच्या कामांतून उरलेले तुकडे ५ × ९ सेंमीचे कापा, एका टोकाला भोक पाडा, दोरा ओवा. कुस्वारच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, डब्यावर नाव लिहिताना दुसऱ्या बाजूला केकमध्ये अंडं किंवा वाईन आहे का तेही लिहा. नेवऱ्या आणि केक एकाच डब्यात गेले की शाकाहारी शेजाऱ्यांची पंचाईत होते.

डिसेंबरचा आल्बम

स्क्रॅपबुकचे तयार आल्बम बहुधा १२ इंच चौरस असतात. नव्या माणसाला ते पान खायला उठतं. त्यापेक्षा लहान, घड्यांचा आल्बम करा. बाजारातली पूर्ण कार्डशीट साधारण ५६ × ७१ सेंमीची असते. तिच्यातून ५६ × १४ च्या पाच पट्ट्या निघतात आणि एका पट्टीला १४-१४ वर घड्या घातल्या की चार चौरस पानं. तीन पट्ट्या जोडताना एकीचं शेवटचं पान पुढचीच्या पहिल्या पानावर चिकटवा. दहा पानं होतात, पाठपोट वीस. दोन टोकांना १४.५ सेंमीचे पुठ्ठे, त्यावर हातकागद.

नेहमीचे ४ × ६ इंची फोटो यात बसत नाहीत. ९ × १३ सेंमीचे काढून घ्या. मोबाइलमध्ये दोनशे असतील, त्यातले बारा निवडा. निवडणं हेच यातलं अवघड काम आहे, चिकटवणं नाही.

फोटोंइतकीच जागा बाकीच्या गोष्टींना द्या: आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार) रविवारांची पत्रिका, मध्यरात्रीच्या मिस्सेच्या वेळेचा कागद, कॅरल म्हणणाऱ्या मुलांच्या सह्या, बेबिंकाची आजीच्या अक्षरातली कृती. एसटीचं तिकीट किंवा दुकानाची पावती यंत्रातून निघालेली असेल तर अक्षरं उष्णतेनं उमटलेली असतात आणि काही महिन्यांत उडतात. तिची झेरॉक्स लावा. वर्तमानपत्राचं कात्रणही तसंच. त्यातल्या लिग्निनमुळे ते पिवळं पडतं आणि शेजारच्या फोटोला डाग देतं.

प्रत्येक पानावर हातानं चार ओळी लिहा. कोण, कुठे, कोणत्या तारखेला. “मजा आली” असं लिहू नका. डावीकडून तिसरी बाई कोण, हे दहा वर्षांनी घरात कुणालाच सांगता येत नाही. फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिल. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. पानावर पिगमेंट शाईचं पेन वापरा.

पानं त्या त्या आठवड्यात करा. सगळं जानेवारीवर ढकललं की कागद हरवतात आणि लिहायचे तपशीलही. गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागूश, कांसावली आणि चांदर इथे तीन राजांचं फेस्त असतं. आल्बमचं शेवटचं पान त्या तारखेसाठी ठेवलं तर महिन्याला नीट शेवट मिळतो.

आल्बमला खळ लावू नका. ताऱ्याचं आयुष्य महिन्याभराचं, तिथे ती चालते. कपाटात मात्र पिठाच्या वासानं कसर आणि झुरळं येतात. फोटोला कागदी कोपरे किंवा ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेली टेप घ्या. पानावरच फोटो चिकटून वर प्लास्टिक बसतं तसले जुन्या पद्धतीचे आल्बम टाळा. काही वर्षांनी फोटो निघत नाही आणि काढायला गेलं तर सोलतो. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत आल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. सुती कापडात गुंडाळा, बरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि सप्टेंबर संपताना एकदा बाहेर काढून पंख्याखाली उघडा पसरा.